पहिला हात

रंगारी आबांची गाडी लांबून पाहिली तर कालच कारखान्यातून आल्यासारखी दिसायची, आणि जवळ जाऊन हॉर्न दाबला की तिचं खरं वय कळायचं. तो वाजत नसे, खोकत असे. म्हणून घरात, गल्लीत आणि गिऱ्हाइकांतही गाडीचं नाव म्हातारी पडलं होतं.

म्हातारीच्या पोटात रंगाचे डबे, टपावर शिड्या आणि पुढच्या बाकावर आबा, असा तो संसार वर्षानुवर्षं दुकानांच्या पाट्या आणि लोकांच्या भिंती रंगवत फिरत होता. अलीकडे आबांचे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हापासून शिडीवर थोरली लेक चढायची आणि खाली उभे राहून आबा चुका काढायचे. मेहनत थोरलीची, नाव आबांचं. ही वाटणी थोरलीला कबूल होती, कारण दुकान आज ना उद्या आपल्याच हाती येणार हे तिने मनाशी धरलं होतं. आबांनी तसं कधी तोंडाने म्हटलं नव्हतं. पण आबा तोंडाने म्हणत नाहीत अशा गोष्टींवरच ते घर चाललं होतं.

आडवे आले ते जावईबापू. धाकटीचा नवरा. माणूस वाईट नव्हता, स्वभावाने तर उदारच. सल्ला देताना त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही. छापील पाट्यांच्या धंद्यात ते होते आणि सासऱ्यांचं दुकानही त्याच वाटेने न्यावं असं त्यांच्या मनात होतं. म्हातारी भंगारात द्यायची, नवी गाडी घ्यायची, अक्षरं यंत्राने छापायची. आबांनी खुर्चीत बसून गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं. थोरलीचं काय, असं धाकटीने विचारलं तेव्हा जावईबापू मोठ्या मनाने म्हणाले, "ताई फोन घेतील."

थोरली तेव्हा ब्रश धूत होती. तिने तो गरजेपेक्षा बराच जास्त वेळ धुतला.

म्हातारीचं दुखणं विजेचं होतं. इंजिन ठणठणीत, चाकं धड, पण दिवे, हॉर्न, वायपर ही मंडळी एकमेकांशी भांडलेल्या जावांसारखी वागत. एकीने काम काढलं की दुसरी आडवी पडायची. हेडलाइट लावले की वायपर झोपेत चालल्यासारखे फिरायचे. डावीकडे वळायची खूण दिली की मागचे लाल दिवेही तालावर डोळे मिचकवायचे. ब्रेक दाबला की इंडिकेटर लाजल्यासारखा अंधुक उजळायचा. आणि सगळ्यांत मोठी गंमत म्हणजे दिवे लावताच टाकीतल्या इंधनाचा काटा वर चढायचा. आबा हे गिऱ्हाइकांना कौतुकाने दाखवत. दिवा लावला की तेल वाढतं, अशी गाडी दुसऱ्या कुणाकडे आहे का, असं विचारत. आई आतून म्हणायची, "तेल वाढतं तर मग भरायला कशाला जाता?"

वार्षिक पासिंगला मात्र हे कौतुक चाललं नाही. तिथले तपासनीस असे होते की त्यांच्या चेहऱ्यावर कुठलाच रंग धरत नसे. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, रंगावरून बोट फिरवलं, मग एकेक बटण दाबायला लावलं. शेवटी कागद परत देत म्हणाले, "गाडी फार देखणी आहे. अंगणात ठेवा. रस्त्यावर आणू नका." आठवड्याभरात दुरुस्त करून आणा, नाहीतर गाडीचं नाव नोंदीतून काढून टाकतो, एवढी सवलत त्यांनी दिली.

त्या संध्याकाळी घरात बैठक बसली. जावईबापूंनी भंगारवाल्याशी बोलणंही करून ठेवलं होतं. अशा जुन्या गाड्यांचे विजेचे भाग आता बनतच नाहीत, वायरिंग पिकलं की संपलं, म्हाताऱ्या माणसाच्या नसांसारखंच ते, असं त्यांनी समजावून सांगितलं, आणि नसांचं उदाहरण देताना नजर चुकून आबांच्या गुडघ्यांकडे गेली. आबांनी ते पाहिलं. थोरली म्हणाली, मी करून दाखवते. जावईबापू हसले. आई कुणाच्याच बाजूने बोलली नाही. ती निकाल लागल्यावर बाजू घेत असे आणि त्यामुळे तिची बाजू कधी हरलेली नव्हती.

आबांना निर्णय घ्यायचा नव्हता. म्हणून त्यांनी तो म्हातारीवर ढकलला. "पास झाली तर दुकान थोरलीकडे," ते म्हणाले. "नाही झाली तर जावईबापू म्हणतील तसं. माझ्या मागे कटकट नको."

म्हणजे थोरलीचं सगळं नशीब आता एका खोकणाऱ्या हॉर्नवर येऊन बसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने म्हातारी फ्यूजमामांकडे नेली. हे गाड्यांचे वायरमन. कुठल्याही दुखण्यावर आधी फ्यूज बदलायचा, मग दुखणं विचारायचं, ही त्यांची पद्धत. नाव त्यावरूनच पडलेलं. म्हातारीचे ते जुने डॉक्टर होते. तिची बॅटरी, डायनॅमो, दिवे, रिले सगळं एकेकदा तरी त्यांच्या हातून बदलून झालं होतं. जावईबापूंच्या हौसेचा संगीत हॉर्नही त्यांनीच बसवला होता. तो एकदाच वाजला आणि त्यातलं संगीत तेवढ्यातच संपलं.

फ्यूजमामांनी फ्यूज बदलला. काही झालं नाही. मग त्यांनी बॅटरीला मीटर लावला, डायनॅमो तपासला आणि दोन्ही उत्तम असल्याचं अशा तक्रारीच्या सुरात सांगितलं की जणू त्यांचीच फसवणूक झाली होती. नव्या बल्बचा उजेड जुन्याइतकाच मिणमिणता पडला. "वायर पिकली असणार," ते म्हणाले. थोरलीने विचारलं, दिव्याला तर एकच वायर येते, मग वीज परत जाते कुठून? ती जात-येत असते एवढं तिला ठाऊक होतं.

"बॉडीतून," फ्यूजमामा म्हणाले. "गाडीचा पत्रा हीच परतीची वायर. त्याला अर्थिंग म्हणायचं. जायला वायर, यायला पत्रा." हे त्यांनी शाळेतल्या कवितेसारखं म्हणून दाखवलं आणि सगळं वायरिंग नवं करावं लागेल, महिना लागेल, असं सांगून ते दुसऱ्या गाडीकडे वळले. थोरलीकडे महिना नव्हता. उरलेला आठवडा होता आणि त्यातलाही एक दिवस त्या कवितेत गेला होता.

ती कविता मात्र तिच्या डोक्यात राहिली.

पुढच्या दुपारी ती दुकानामागच्या मोकळ्या जागेत म्हातारीचा मागचा दिवा काढून बसली होती. दिवा वायरीवर आणि एका सैल स्क्रूवर लोंबत होता आणि आजाऱ्यासारखा मिणमिणत होता. एवढ्यात गिऱ्हाइकाकडचा माणूस शिडी मागायला आला. थोरलीने टपावरची ॲल्युमिनियमची शिडी अर्धी खाली ओढली. तिचं वरचं टोक अजून कॅरियरवर टेकलेलं, खालचा पाय लोंबत्या दिव्याच्या पत्र्याला लागला, आणि दिवा एकदम भडकला. म्हणजे पेटला नव्हे, उजळला. इतका लालभडक की शिडी न्यायला आलेला माणूस दोन पावलं मागे सरला.

थोरलीने शिडी उचलली. दिवा मिणमिणला. शिडी टेकवली. दिवा उजळला. तिने हे इतक्या वेळा केलं की तो माणूस शिडी न घेताच निघून गेला.

मग तिने वर पाहिलं. कॅरियरच्या ज्या दांडीवर शिड्या रोज घासत, तिथला रंग उडून उघडं लोखंड चकाकत होतं. सगळ्या गाडीवर रंग नसलेली तेवढीच जागा. आबा दरवर्षी ती रंगवत आणि शिड्या दरवर्षी ती खरवडत. या भांडणात आबा कधी जिंकले नव्हते.

थोरलीने लोंबता दिवा हातात घेतला आणि तो जिथे बसवायचा त्या जागेवर नख मारलं. रंग. आणखी जोराने मारलं. आणखी रंग. पुढचं सगळं तिला एका दमात दिसलं.

कुठलाही साधा माणूस गाडी रंगवताना दिव्यांना कागद चिकटवतो आणि भोवतीने ब्रश फिरवतो. आबा साधे नव्हते. दिव्याच्या कडेला रंगाचा एक ठिपका उडणं म्हणजे त्यांच्या लेखी घराण्याची बदनामी. ते प्रत्येक दिवा खोलून काढत, त्याच्या खालचा पत्राही आरशासारखा रंगवत आणि वाळला की दिवा परत त्यावर घट्ट बसवत. दरवर्षी, न चुकता. वर्षाचं पहिलं काम म्हणजे म्हातारीला नवा रंग. त्याशिवाय कुणाच्या भिंतीला ब्रश लागायचा नाही, हा त्या दुकानाचा शिरस्ता होता. म्हणजे दिवा आणि पत्रा यांच्यामध्ये आबांच्या इतक्या वर्षांच्या मायेचे थर बसले होते, आणि मायेतून वीज जात नाही.

भाग म्हातारे झालेच नव्हते. त्यांना पांघरुणं फार झाली होती.

तिने पत्रा काढला, म्हणजे पोपडे खरवडायचा तो पातळ पत्रा, आणि दिव्याच्या स्क्रूभोवतीचा रंग लोखंड दिसेपर्यंत काढला. दिवा बसवला. लख्ख. मग दुसरा, तिसरा, पुढचे इंडिकेटर, हॉर्नचा पाय, वायपरच्या मोटरचा पाय. प्रत्येक जागी नाणंभर लोखंड उघडं पडलं आणि प्रत्येक भाग आपलं वय विसरला. रस्त्यावरून जाताना जावईबापू थांबले, खरवडलेली गाडी पाहिली आणि हळहळून म्हणाले की देखणेपण तेवढं शिल्लक होतं, ताईंनी तेही घालवलं. थोरलीने त्यांना हॉर्न दाबून दाखवला. तो खोकला नाही, बोलला. जावईबापूंचा चेहरा पाहण्यासारखा झाला, आणि थोरलीने तो नीट पाहून घेतला.

पण घाई झाली होती. तिने हौसेने सगळं एकदम चालू केलं: हेडलाइट, वायपर, इंडिकेटर, वर हॉर्न. आणि सगळी मंडळी पुन्हा एकदम मान टाकून बसली. इंधनाचा काटा दिमाखात वर चढला. एकेकटा जो तो शहाणा, एकत्र आले की जुनंच घर. जावईबापू सभ्य होते, फक्त हसले आणि गेले.

थोरली बाकावर बसून राहिली. सगळ्यांची परतीची वाट मोकळी झाली, मग सगळे मिळून अडतात कुठे? जिथे सगळ्यांना मिळून जायचं असतं तिथेच. पत्र्यातून वीज परत बॅटरीकडे जाते ती एका जाड काळ्या केबलने. ती केबल बॉनेटखाली, बॅटरीशेजारच्या कोपऱ्यात पत्र्याला बोल्टने आवळलेली. तो कोपरा डोळ्यांपुढे आला आणि थोरली बाकावरून उठता उठता थांबली.

कारण तो साधा कोपरा नव्हता. वर्षाच्या रंगाचा पहिला हात आबा तिथे मारत. स्वतः, टोपी काढून, कुणाशी न बोलता. मग बाकीची गाडी, मग जग. त्या जागेवर कधी पत्रा लागला नव्हता. बॅटरी बदलताना फ्यूजमामा केबल सोडवत आणि परत रंगावरच आवळत, कारण एकदा त्यांनी कानस काढली होती तेव्हा आबांनी त्यांना चहा न देता घरी पाठवलं होतं. जागा अशी गुळगुळीत झाली होती की बोल्टखाली लोखंड आहे हे विश्वासावर मानावं लागे.

ती घरात गेली. आबा खुर्चीत पाय लांब करून बसले होते, आई शेजारी भाजी निवडत होती. थोरलीने सगळं सांगितलं: शिडी, दिवा, रंग. आबा ऐकत होते तोवर त्यांचा चेहरा कामाला लागल्यासारखा दिसत होता. कोपऱ्याचं नाव निघालं आणि तो बंद झाला.

"तिथे पत्रा लागायचा नाही."

थोरलीने पासिंगची तारीख सांगितली. आबा म्हणाले, तारखा येतात आणि जातात. तिने दुकानाचं नाव काढलं. आबा म्हणाले, दुकान त्या कोपऱ्यावर उभं आहे. आई भाजीच्या शेंगेला म्हणाली की उभं आहे ते दुकान, चालत नाही ती गाडी.

मग थोरलीने आवाज खाली आणला. "आबा, भिंत असती तर? आत थर सुटलेत आणि गिऱ्हाईक म्हणतंय वरून मारा अजून एक हात. तुम्ही मला काय सांगितलं असतं?"

हे तिने मुद्दाम विचारलं होतं. लहानपणापासून आबांनी तिला एकच गोष्ट शिकवली होती, आणि ती त्यांनी प्रत्येक शिडीखाली उभं राहून तिच्या डोक्यात भरली होती: जो खरवडायला कंटाळला त्याने ब्रश धरू नये. जुन्या थरांवर रंग मारणाऱ्या रंगाऱ्यांची नावं घेताना आबा तोंड धुऊन येत.

आबांनी गुडघा चोळला. मग उठले. हात पुढे करून म्हणाले, "पत्रा दे इकडे. तुझा हात जड आहे."

बॉनेट उघडलं. आबांनी टोपी काढली, बोल्ट सोडवला, केबल बाजूला केली आणि पत्रा लावला. पहिला थर निघाला तो गेल्या वर्षीचा पिवळा. त्याखाली राखी, त्याखाली बाटलीसारखा हिरवा. हा दवाखान्याच्या पाटीच्या वेळचा, असं आबा म्हणाले. मग विटकरी. मग एक निळा निघाला तेव्हा ते थांबले आणि थोरलीकडे न बघता म्हणाले, "हा तू झालीस त्या वर्षीचा. डबा उरला होता, त्यात पाळणा पण रंगवला." आई मागे उभी होती. ती म्हणाली की पाळणा तीन दिवस वाळला नाही आणि पोर निळी झाली होती. आबांनी एवढंच सांगितलं की तेव्हा ऊन नव्हतं.

निळ्याखाली आणखी बरेच रंग होते. ते सगळे निघाले, आणि तळाशी चांदीसारखं लोखंड चमकलं. आबांनी त्यावर बोट फिरवलं, जसं ते तयार झालेल्या भिंतीवर फिरवत. केबल टेकवली, बोल्ट आवळला.

"लाव," ते म्हणाले. "सगळं."

थोरलीने सगळं लावलं. हेडलाइटचा उजेड समोरच्या भिंतीवर दिवसाउजेडी पडला. वायपर असे धावायला लागले की कोरड्या काचेवर किंचाळले. इंधनाचा काटा जागच्या जागी राहिला आणि टाकी जवळजवळ रिकामी असल्याचं पहिल्यांदाच खरं सांगून मोकळा झाला. मग तिने हॉर्न दाबला, आणि त्याच्याबरोबर, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, जावईबापूंचा संगीत हॉर्नही जागा झाला. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. फ्यूजमामा आपल्या दुकानातून हातात फ्यूज घेऊनच धावत आले.

आबा म्हणाले, "आता बंद कर. आवाज पोचला सगळ्यांना."

पासिंगच्या दिवशी घरचे सगळेच आले, आणि फ्यूजमामाही. कुणाला बोलावलेलं नव्हतं, पण जावईबापूंना थोरलीचं हरणं बघायचं होतं, धाकटीला बहीण बघायची होती, आणि आईला बाजू घ्यायची वेळ जवळ आल्याचा वास आला होता. तपासनीसांनी म्हातारी ओळखली. देखणी, पण आता दिव्यांभोवती खरवडल्याच्या खुणा असलेली. त्यांनी एकेक दिवा पाहिला. ब्रेक दाबायला लावला, इंडिकेटर उजळला नाही. मग सगळं एकदम लावायला सांगितलं. थोरलीने लावलं. तपासनीस पुढून मागे गेले, मागून पुढे आले, आणि हॉर्न स्वतः दाबला. एकदा दाबून पुरे होतं. त्यांनी पुन्हा दाबला.

"वायरिंग नवं केलंत?"

"नाही," थोरली म्हणाली. "रंग काढला."

तपासनीसांनी बॉनेट उघडून कोपरा पाहिला, थरांची कड पाहिली, आणि त्या न रंगणाऱ्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "किती वर्षं रंगवत होता हो?" असं त्यांनी आबांना विचारलं. आबा ताठ उभे राहिले आणि म्हणाले की अजून रंगवतो. शिक्का पडला.

परत येताना श्रेयाची वाटणी झाली. फ्यूजमामा म्हणाले, अर्थिंग हा शब्द पहिल्यांदा कुणी काढला ते विसरू नका. जावईबापूंचं म्हणणं असं की त्यांचा हॉर्न नसता तर गाडीची खरी ताकद कळलीच नसती. आई म्हणाली, "मला पहिल्यापासून माहीत होतं थोरली करणार," आणि हे तिने इतक्या शांतपणे म्हटलं की सगळ्यांना ते आठवायला लागलं. थोरलीने ज्याला जेवढं हवं तेवढं श्रेय घेऊ दिलं. गाडी तीच चालवत होती.

घरी आल्यावर आबांनी चावी मागितली नाही. तीच त्यांची दुकान देण्याची रीत. ते थेट दुकानात गेले, सगळ्यात बारीक ब्रश घेतला, काळ्या रंगाचा छोटा डबा उघडला आणि बॉनेट उचलून वाकले. थोरली धावली. पहिला हात मारण्याची सवय इतक्या लवकर जाणार नाही हे तिला ठाऊक होतं.

"त्या लोखंडाला नाही लावत," आबा वाकूनच म्हणाले. "एवढं कळतं मला. ग्रीस आण त्याला, गंज चढेल."

तिने ग्रीस आणलं. उघड्या लोखंडाभोवती आबांनी एक गोल चौकट काढली होती, कंपासने काढल्यासारखी, आणि तिच्याखाली आपल्या सगळ्यात ठेवणीतल्या अक्षरांत, ज्यांच्यासाठी मोठमोठ्या दुकानदारांना महिनोन्महिने थांबावं लागे, ते पाटी लिहीत होते. म्हातारीच्या बॉनेटखाली, जिथे कुणी बघणार नाही अशा जागी. जावईबापूंनी मान वाकडी करून ती मोठ्याने वाचली, शेवटची ओळ तेवढी हळू.

"येथे रंग लावू नये," असं लिहिलं होतं. आणि खाली, जरा ठळक: "थोरलीच्या हुकमावरून."